आडव्या गिटारवाल्यांची बैठक: ट्यूनिंग एकच ठेवायचं का? तारा, नट, बार, पेटी सगळं इथंच बोलू

खुंटीपीळ
मंडळी, जानेवारीतला एक रविवार धरायलोत. हवाईयन गिटार, लॅप स्टील, मोहनवीणा, साध्या गिटारची आडवी केलेली गिटार, जे मांडीवर ठेवून बारनं (तारांवर फिरवायच्या लोखंडी कांडीनं) वाजतं ते सगळं चालेल. दहा-बारा वाद्यं धरून चला. जागा परभणी. संभाजीनगर-जालना-परतूर-सेलूचे एका बाजूनं, नांदेड-पूर्णेचे दुसऱ्या बाजूनं आणि लातूर-परळीचे तिसऱ्या बाजूनं रेल्वेनं तिथंच उतरतात. बीड-धाराशिवकरांनी एसटी बघावी.

आता मुद्द्याचं. कुणीतरी जुनी धून छेडतो, ती सगळ्यांना तोंडपाठ असते, बाकीच्यांचे हात आपोआप बारकडे जातात आणि पहिल्याच ओळीला चार घरचे चार स्वर. आपल्यात मोकळ्या तारा लावायचे हे चार प्रकार आहेत, जाड तारेपासून बारीक तारेकडे लिहितोय:

लो बास ए: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई
हाय बास ए: ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई
ओपन डी: डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी
सी सिक्स्थ: सी, ई, जी, ए, सी, ई

माझं मत लो बास ए. कारण सरळ आहे. हाय बासवाल्यांच्या वरच्या चार तारा याच आहेत, धून त्या चारातच निघते, त्यांनी खुंटीला हातही लावायची गरज नाही. ओपन डी वाल्यांचा हातही फार चुकत नाही. लो बासच्या १ ते ५ तारा (१ म्हणजे सगळ्यात बारीक) म्हणजे प-ग-सा-प-सा, आणि ओपन डी च्या २ ते ६ तारासुद्धा प-ग-सा-प-सा. नकाशा तोच, एक तार सरकलेला. अडचण सी सिक्स्थची. त्यात ध मोकळ्या तारेवर बसलाय, म्हणून मोकळा झंकार दिला की सा-प ची आस (लांबत जाणारा नाद) मिळत नाही, धैवत मध्ये बोलतो. साथीला दोन-तीन स्वर एकदम घ्यायला मात्र त्याच्यासारखं दुसरं नाही. त्यांना साथीलाच बसवू.

कुणाची हरकत?

गोदाकाठ
हरकत नाही, पण एक इशारा. लो बास ए म्हटल्यावर निम्मे लोक बाजारातला १२ ते ५३ चा (तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) अकूस्टिक सेट तसाच चढवून येतील. त्यात पहिली, पाचवी, सहावी नेहमीच्याच स्वरात राहते. दुसरी बी वरून सी शार्पला, तिसरी जी वरून ए ला, चौथी डी वरून ई ला म्हणजे तिन्ही पूर्ण एक स्वर वर. एक स्वर चढला की ताण सव्वापट होतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या गिटारवर तिसरी आणि चौथी प्रत्येकी १७ किलोच्या घरात जाते, आणि सहा तारांचा मिळून ताण ७४ किलोचा ८४ होतो. हे दहा किलो पातळ फळीच्या जुन्या गिटारला झेपत नाहीत. ब्रिजच्या (फळीवर तारा अडकवायच्या लाकडी तुकड्याच्या) मागची फळी फुगते, मग ब्रिज मागून उचलतो. वहीच्या कागदाचा कपटा ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकायला लागला की लगेच तारा उतरवा. नंतर फेव्हिकॉलनं चिकटवून भागत नाही, ब्रिज पूर्ण काढून जुना गोंद खरवडावा लागतो.

सेट असा जमवा: १३, १६, १८, २८, ४२, ५४. पहिल्या तीन साध्या, खालच्या तीन गुंडाळीच्या. ताण ७५-७६ किलो, म्हणजे नेहमीइतकाच. तिसरी साधीच हवी. गुंडाळीची तिसरी चढवली की मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना बार करवतीसारखा खरखरतो.

सुट्या तारा गावात मिळत नसतील तर तोड सांगतो. १३ ते ५६ चा जाड सेट घ्या. त्यातली २६ ची गुंडाळी तार, जी तिसरी म्हणून येते, ती चौथीच्या जागी घाला. ३५ ची बाजूला ठेवा. तिसरीसाठी १८ ची एकच साधी तार सुटी घ्यायची. बाकी जागच्या जागी.

हाय बासवाल्यांनो, ५३ ची सहावी ओढून ए ला न्यायचा उद्योग करू नका. एकटी तार २१ किलो ओढते. तिथं ४२ आणि पाचवीला ३५-३६ लावतात.

बालाघाटी
काका, एवढं नाजूक असंल तर आमच्या गिटारीचं काय? मान आधीच थोडी वाकल्यासारखी दिसायली.

गोदाकाठ
मग ए चा हट्ट सोडा. साधा १२-५३ सेट ठेवून ओपन जी लावा: डी, जी, डी, जी, बी, डी. सहावी, पाचवी आणि पहिली फक्त एक स्वर उतरतात, बाकी तीन जागच्या जागी. ताण वाढायच्या ऐवजी कमी होतो आणि बोटांचा नकाशा लो बास ए चाच. फरक एवढाच की बाकीचे चौथ्या पडद्यावर असतील तेव्हा तुम्ही सहाव्यावर. मान बघायची तर स्टीलची फूटपट्टी उभी पहिल्या पडद्यापासून बाराव्यापर्यंत ठेवा. मधे एक-दीड मिलिमीटर फट दिसली तरी आडव्या गिटारला चिंता नाही, तार आपण पडद्यावर दाबतच नाही. फट पंधरवड्याला वाढत असेल तर मात्र तारा हलक्या करा.

बालाघाटी
बरं. आन् नट (मानंच्या टोकाला तारा टेकत्यात तो) उचलायची पट्टी दुकानात मिळंना. बार ठेवला की तारा पडद्यावर आपटायलेत, खणखण आवाज येतोय. काय लावू?

घोडी_आणि_नट
बालाघाटी भाऊ, पट्टीवाचून काही अडत नाही. तारा पडद्यांपासून ८ ते १० मिलिमीटर वर पाहिजेत, पहिल्या पडद्याजवळ मोजायचं. हार्डवेअरच्या दुकानातला १० मिलिमीटरचा ॲल्युमिनियम अँगल नटाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त कापा, जुन्या नटावर पालथा घाला. तारांच्या ताणानंच तो जागेवर बसतो, चिकटवायचा नाही, म्हणजे उद्या गिटार परत उभी करता येते. हाड हवं असेल तर सतार-तंबोऱ्याचं काम करणाऱ्याकडं मिळतं. मिरजेला फेरी होत असेल तर तिथून आणा.

यात तीन ठिकाणी चुकतं.

पहिलं, पट्टीची वरची धार जुन्या नटाच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर यायला हवी. ती १ मिलिमीटर जरी पुढं सरकली तरी सगळे पडदे खोटं बोलायला लागतात.

दुसरं, खाचा. साध्या गिटारला तारांचे तळ एका पातळीत चालतात. आपल्याला तारांचे माथे एका पातळीत लागतात, कारण वर सरळ लोखंड बसणार आहे. ५४ ची तार १.३७ मिलिमीटर जाड, १३ ची ०.३३. म्हणजे सहाव्या तारेची खाच पहिलीपेक्षा १ मिलिमीटर खोल. हे केलं नाही तर बार जाड तारेवर टेकतो आणि पहिली-दुसरी किरकिरते, मग माणूस बार दाबतो आणि स्वर चढतो. खाच तारेच्या निम्म्या जाडीइतकीच ठेवा, खोल गेली की तार अडकते आणि खुंटी फिरवली की टक् करून उडी मारते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

तिसरं कुणाच्या लक्षात येत नाही. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी. साध्या गिटारचं सॅडल तिरकं असतं, जाड तार दोन-तीन मिलिमीटर लांब ठेवलेली, कारण पडद्यावर दाबताना तार ताणली जाते. आपण दाबतच नाही, तर ती भरपाई उलटी अंगावर येते. सहावी ३ मिलिमीटर लांब असेल तर बाराव्या पडद्यावर बरोबर बार ठेवूनही ती ८ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) उतरलेली वाजते. सॅडल सरळ, काटकोनात आणि माथ्याला सपाट करून घ्या. तपासायचं कसं? बाराव्यावर हलकं बोट ठेवून घंटीसारखा स्वर काढा, मग तिथंच बार ठेवून वाजवा. दोन्ही सारखे आले की काम झालं.

काळी_चार
वाखूसा (वाचनखूण साठवली). तिसरा मुद्दा माहीतच नव्हता.

वाळूजचा_लेथ
बारवर मी लिहितो, म्हणजे पुढचे प्रश्न टळतील.

सहा तारांसाठी लांबी ७५ मिलिमीटर. व्यास १९ किंवा २२. भरीव स्टेनलेसचा १९ चा बार सुमारे १६८ ग्रॅम भरतो, २२ चा २२५ च्या आसपास. धुना वाजवणाऱ्याला १९ पुरे. संथ आलाप, लांब मींड करणाऱ्यांनी २२ घ्यावा, वजन आस टिकवतं. हाताला जड वाटतो तो पहिले चार दिवस.

कुठल्याही एमआयडीसीत लेथवाला तासाभरात करून देतो. वाळूज, चिकलठाणा, लातूर कुठंही. त्याला सांगायचं ते असं: एसएस ३०४ चा राउंड बार, एक टोक गोळीसारखं अर्धगोल, म्हणजे १९ च्या बारला साडेनऊचा रेडियस. दुसरं टोक सपाट, पण त्याच्या मध्ये ३ मिलिमीटर खोल वाटी, अंगठा टेकायला. सगळ्या धारा मोडून घ्या. लेथवर फिरताना पॉलिश पेपर २२०, ४००, ६००, १०००, २००० या क्रमानं, ओला करून. एक पायरी गाळली की तिच्या रेघा शेवटपर्यंत राहतात. शेवटी बफिंगचं चाक आणि हिरवा साबण (पॉलिशची वडी).

इथं बहुतेक जण फसतात. लेथवर काढलेली पॉलिश दिसायला आरसा असते, पण तिच्या सूक्ष्म रेघा बारच्या भोवती गोल असतात. आपला बार तारेवर लांबीनं सरकत नाही, आडवा सरकतो, म्हणून तार त्या रेघांतूनच जाते. पण तिरका बार धरला की तार रेघा ओलांडते आणि सूं सूं आवाज येतो. म्हणून रेघा पूर्ण जाईपर्यंत बफ मारा. नख फिरवून बघायचं, कुठंही अडकता कामा नये.

३०४ मऊ आहे, वर्षभरात गुंडाळीच्या तारा तिला ओरखडतात. परत बफ मारला की झालं. साधं एमएस (माइल्ड स्टील) घेऊन क्रोम केलं तर क्रोमचा पापुद्रा जिथं उडेल तिथं तार कापली जाते. ते नकोच.

पांढरी_पाच
गजन पिन (इंजिनातल्या पिस्टनची पिन) चालते की. गॅरेजमध्ये फुकट मिळते, कडक असते, ग्राइंड केलेली असते. एवढा खर्च कशाला?

वाळूजचा_लेथ
चालते, पण कोणती ते बघा. मोटरसायकलची पिन आखूड आणि बारीक, सहा तारांना पुरत नाही. ट्रॅक्टरची लांबीला पुरते, पण आतून पोकळ. वजन कमी आणि आस लवकर तुटते. आत शिसं ओतून दोन्ही तोंडं बंद केली तर बरी होते. शिसं मात्र घरात वितळवू नका, धूर विषारी असतो. आणि पिनीला गोळीसारखं टोक नसतं, एकाच तारेवर खेळताना शेजारच्या तारेला कड लागते. शिकायला ठीक.

पांढरी_पाच
पटलं. भरीव करतो.

पेटीवाला
बैठकीत पेटी असणार असेल तर दोन गोष्टी आधी ठरवा: पट्टी आणि गांधार.

पट्टी. गिटार ए ला म्हणजे पांढरी सहाला (पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला) मोकळी. गाणारा काळी एकमध्ये असेल तर सा चौथ्या पडद्यावर, तिसऱ्या तारेवर. तिथंच दुसरीवर ग, पहिलीवर प, आणि तार सा पहिल्या तारेच्या नवव्या पडद्यावर. काळी एक, काळी दोन, पांढरी तीनपर्यंत मजेत वाजतं. भानगड काळी चारची. सा अकराव्या पडद्यावर जातो आणि वरच्या सप्तकाला जागाच उरत नाही, खाली मोकळ्या तारांचा आधार नाही. अशा वेळी सहाही तारा अर्धा स्वर उतरवा आणि मोकळ्या तारेवर सा धरा. बायकांच्या भजनी मंडळात हेच करतात. बैठकीत एखादी ताई गाणार असतील तर दोन गिटारी आधीच उतरवून बाजूला ठेवा, ऐनवेळी खुंट्या पिळत बसू नका. नुकती उतरवलेली तार दहा मिनिटं सरकत राहते.

गांधार. ट्यूनरचा काटा मध्यभागी आणून दुसरी तार लावली की ती पेटीच्या ग शी जुळते, पण मोकळ्या सा-प बरोबर वाजवली की झणझणते. खरा शुद्ध गांधार काट्याच्या १४ सेंट खाली आहे. एकट्यानं, तंबोऱ्यावर वाजवणार तर दुसरी तार १४ खाली लावा, सहा तारांचा झंकार एकदम गोठल्यासारखा स्थिर होतो. पेटी सोबत असेल तर पेटीचं ऐकावं लागतं.

काळी_चार
मी ७ खाली ठेवतो. दोघांनाही थोडं थोडं दुखतं.

पेटीवाला
हा हा. लग्नाच्या बोलणीसारखं. पण खरंच चालतं, पेटीवाला ग वर फार वेळ थांबला नाही तर.

रेकॉर्डपेटी
ट्यूनिंगचा घोळ का होतो त्याचं मूळ रेकॉर्डींत आहे. आपल्या पाठांतराचा साठा म्हणजे आकाशवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधे वाजणाऱ्या धुना आणि घराघरातल्या तबकड्या: व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, चरणजित सिंग, सुनील गांगुली, बटुक नंदी, काझी अनिरुद्ध. त्यांवरून कॅसेटी भरल्या, कॅसेटीवरून कॅसेटी. टेपचा पट्टा सैल झाला की वेग पडतो. वेगात ६ टक्के फरक म्हणजे पूर्ण अर्धा स्वर. म्हणून एकच धून एक जण तिसऱ्या पडद्यावरून शिकलाय आणि दुसरा चौथ्यावरून, आणि दोघंही शपथेवर सांगतात की मूळ तिथंच आहे.

मूळ शोधायची खूण आहे. वादक मधेच कुठंतरी बाराव्या पडद्यावर घंटीसारखे स्वर काढतो, किंवा शेवटी मोकळ्या तारांवर झंकार देतो. त्यात बार नसतो, म्हणजे तो थेट वाद्याचा स्वर. तेवढा तुकडा ट्यूनरला ऐकवा. तीन-चार तारा ओळखू आल्या की ट्यूनिंग कळतं, आणि सगळे स्वर सारख्याच सेंटांनी चढे-उतरे दिसले तर तेवढी वेगाची चूक. कॉम्प्युटरवर दुरुस्त करताना वेग बदला, लय तशीच ठेवून फक्त स्वर बदलायचा पर्याय वापरू नका, त्यानं मींडीला पाणी सुटल्यासारखं होतं.

बैठकीला तबकड्या-कॅसेटी आणणाऱ्यांनी त्या आधी साफ करा. व्हिनाइल असेल तर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड खाचेच्या दिशेनं, मग नुसत्या पाण्यानं पुसून उभी वाळवा. ७८ वेगाची जुनी काळी तबकडी लाखेची असते, तिला स्पिरिट लावलंत तर खाचा विरघळतात. तिला सुईही वेगळी लागते. बारीक सुई तिच्या खाचेच्या तळाला जाते आणि नुसती खरखर उचलते. कॅसेटींसाठी मी डेक आणतो, त्याचं टेप वाचणारं डोकं प्रत्येक कॅसेटीला स्क्रूनं जुळवून घेईन. सगळं ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर भरू आणि पेन ड्राइव्हवर वाटू. येताना ३२ जीबीचा मोकळा पेन ड्राइव्ह.

परतूरकर
एक शंका. स्टील गिटार म्हणजे धातूच्या अंगाची ना? मग माझी लाकडी आहे ती चालेल का?

रेकॉर्डपेटी
लाकडीच मूळची. नाव बारवरून पडलंय, अंगावरून नाही. हवाई बेटांवर लाइए गावच्या जोसेफ केकुकूला (जन्म १८७४) या पद्धतीचं श्रेय देतात, शाळकरी वयात त्यानं लोखंडाचा तुकडा तारांवर फिरवला. धातूच्या अंगाच्या नॅशनल गिटारी १९२७ च्या, त्या आवाज मोठा व्हावा म्हणून आल्या. आपल्याकडे हे वाद्य कोलकात्यात रुजलं, हवाईचा ताऊ मो १९४० च्या दशकात तिथं होता, गार्नी निस हा तिथला मोठा वादक. रागदारीत आणलं ते ब्रिजभूषण काब्रांनी, १९६७ ची शिवकुमार शर्मा-हरिप्रसाद चौरसियांबरोबरची रेकॉर्ड सगळ्यांकडं असेलच. पुढं विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा.

आणि धातूच्या अंगाचं म्हणाल तर आपल्या उन्हाळ्यात ते नकोच. रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक लॅप स्टील, १९३२ ची, ओतीव ॲल्युमिनियमची होती. स्टेजच्या दिव्यांखाली तापून तिचे स्वर हलायचे, म्हणून पुढं बेकलाइटची काढली. परभणीच्या मे महिन्यात तिचं काय झालं असतं! म्हणून तर जानेवारी.

खुंटीपीळ
जानेवारीचंही ऐका. सकाळी गार, दुपारी ऊन. गारठ्यात तार आखडते, स्वर चढतो, ऊन लागलं की उतरतो. पोचल्यावर गिटार खोलीत पिशवीतून काढून अर्धा तास ठेवा, मगच लावा. गाडीत काचा लावून ठेवू नका, जानेवारीच्या उन्हातसुद्धा आत भट्टी होते आणि गोंद ढिला पडतो.

फेज_न्यूट्रल
साउंडचं कुणी बोललंच नाही, म्हणून मी.

लाकडी गिटारीला पिकअप (तारांचा नाद विजेत बदलणारा भाग) नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली २७ मिलिमीटरची पिझो चकती पाच-दहा रुपयांत मिळते. ब्रिजच्या खाली, फळीच्या आतून, पहिल्या-दुसऱ्या तारेच्या बाजूला पातळ दुहेरी टेपनं चिकटवा. जाड फोमचा टेप लावला की आवाज फोमच खातो. ही चकती थेट मिक्सरच्या माइकच्या भोकात घातली की डबा आवाज येतो आणि लोक चकतीला शिव्या देतात. दोष चकतीचा नाही. तिची क्षमता साधारण २० नॅनोफॅरड, माइक इनपुटचा रोध दोनेक हजार ओम. या जोडीत ४ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, म्हणजे गिटारच गळून जाते, उरते ती नखीची टिकटिक. मधे १ मेगाओम इनपुटचा प्रीअँप किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची विजेवरची डबी) हवा. दोन मी आणतो.

चुंबकाचा पिकअप असणाऱ्यांनी ब्राँझच्या तारा लावू नका. चुंबकाला ब्राँझची गुंडाळी दिसत नाही, फक्त आतला गाभा दिसतो, खालच्या तारा दबक्या वाजतात. निकेलच्या लावा.

वीज. लाइट गेली आणि चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर सुरू झाला की सिंगल कॉइलच्या (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपमधून माशा घोंगावतात. तेव्हा ॲम्प बंद करून तसंच वाजवा. दुसरं, तारांना हात लावल्यावर गूं आवाज कमी होतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण अर्थिंग नसलेल्या बोर्डावर हात तारांवर आणि ओठ माइकवर असले की झटका बसू शकतो. बोर्ड तीन पिनी, अर्थिंग तपासलेला आणि ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागेच (गळती झाली की वीज तोडणारा स्विच). ते मी आधी जाऊन बघतो.

बालाघाटी
दादा, दहा जणांनी एकदम वाजवलं तर गोंधळच व्हायचा की.

आस_धरा
बरोबर बोललात. हे पेटीसारखं नाही, पडदा स्वर देत नाही, डोळा आणि हात देतो. ६५० च्या गिटारवर बाराव्या पडद्याशी बार १ मिलिमीटर सरकला तर ५ सेंट फरक, पहिल्या पडद्याजवळ त्याच्या निम्मा, एकोणिसाव्याजवळ ८. दहा जण बाराव्यावर, प्रत्येकाचा एकेक मिलिमीटर इकडेतिकडे, आणि वर प्रत्येकाचा वेगळा कंप. मोहोळ उठल्यासारखं होतं.

म्हणून वाटून घेऊ. धून एकच जण वाजवेल, फार तर दोन, आणि दुसऱ्यानं कंप द्यायचा नाही. दोघं तीच धून खालच्या सप्तकात. सी सिक्स्थवाले ठोक्यावर दोन-तीन स्वर एकदम. ओपन डी चा एक जण जाड तारांवर खर्ज. बाकीचे मोकळ्या तारांवर सा-प, तेही तळव्यानं दाबून दाबून, सतत नाही. एक कडवं झालं की धून शेजाऱ्याकडं. असं फिरत गेलं की प्रत्येकाच्या मींडीची धाटणी ऐकायला मिळते, कोण रे वरून ग ला घसरत जातो, कोण थेट ग वर पडून मग हलवतो.

बार पडद्याच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर हवा, मागे नाही. साध्या गिटारची सवय असलेले दीड मिलिमीटर मागे राहतात. मान पुढं झुकवून सरळ वरून बघा, बाजूनं बघितलं की पट्टी सरकलेली दिसते. आणि बारच्या मागे तिसरं व चौथं बोट तारांवर हलकं टेकलेलं असू द्या, नाहीतर बार आणि नट यांच्यामधला तुकडाही वाजतो, त्याचा वेगळाच भेसूर स्वर.

नख्या (तारा छेडायला बोटात घालायच्या) ज्यानं त्यानं आपल्या आणा. अंगठ्याची प्लास्टिकची सैल असेल तर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून दाबा. सेल्युलॉइडची असेल तर विस्तवाजवळ अजिबात नेऊ नका, भपकन पेटते. बोटं घामेजत असतील तर राळेची चिमूटभर पूड. दुसऱ्याची गिटार हातात घेतली तर खुंटीला हात लावायच्या आधी विचारा, एवढंच. आणि बार टेबलावर ठेवू नका, घरंगळतो, फरशीवर पडला की टोकाला खड्डा.

वाळूजचा_लेथ
ज्याच्या बारला खड्डा पडलाय त्यानं घेऊन या. २००० चा पेपर आणि बफचं छोटं चाक आणतो. खोल खड्डा मात्र लेथवरच जातो.

काळी_चार
पेटी कुणाची ठरली? तिचा स्वर आधी कळला तर बरं.

पेटीवाला
परभणीतलीच, जुन्या बनावटीची. काल ट्यूनरवर लावून बघितली. मधली पांढरी सहा ४४३ हर्ट्झला बोलतेय, म्हणजे नेहमीच्या ४४० पेक्षा १२ सेंट चढी. काळी एक तिच्या मानानं ४ सेंट उतरलेली. रीड घासून खाली आणायचा विचार होता, पण बैठकीसाठी जुनी पेटी खरवडण्यापेक्षा खुंट्या फिरवणं स्वस्त. सगळ्यांनी ट्यूनर ४४३ वर करून या. ज्यांच्या ट्यूनरला तो पर्याय नाही त्यांनी काटा १२ सेंट उजवीकडं ठेवा. धून काळी एकमध्ये असेल तेव्हा चौथ्या पडद्यावर बार केसभर मागं.

खुंटीपीळ
ठरलं. ४४३.